अंगणवाडीतली वेगळ्या गरजांची मुलं : केळापूर तालुक्यातल्या कामाच्या नोंदी

८ जुलै २०२४
काम यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन अंगणवाड्यांत : एक गावातली, दुसरी पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतली. दोन्हीकडे एकच खोली, वर पत्रे, बसायला सतरंजी. मुलं ३ ते ६ वर्षांची. नोंदींत मुलांची नावं येणार नाहीत, अक्षरं येतील.

पहिल्या पाहणीत तपासणीचा तक्ता बाहेर काढायचा नाही. मूल दारातून आत आल्यापासून घरी जाईपर्यंत नुसतं बघायचं आणि लिहायचं : कुठं बसतं, कोणत्या हातानं वस्तू धरतं, कोणाच्या तोंडाकडं बघतं, कशापासून लांब पळतं. तक्ता हातात दिसला की मूल आवळून बसतं आणि माय त्याच्या वतीनं उत्तरं देते. माता व बाल संरक्षण कार्डावरचे विकासाचे टप्पे त्यानंतर तपासायचे.

धाकट्या भावंडांकडंही लक्ष असू द्यायचं. दीड वर्षाचं होऊनही चालत नाही किंवा हवी ती वस्तू बोटानं दाखवत नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं आणि दुसऱ्याची मूठ मिटलेली राहते, असं दिसलं तर पुढं पाठवायचं. आणि कोणत्याही वयात आधी येत असलेले शब्द किंवा खेळ गेले असतील तर थांबायचंच नाही, लगेच पाठवायचं. "त्याचा बापही उशिराच बोलला" हे प्रत्येक घरात ऐकू येतं. ते खरंही असेल, पण तपासणी टाळायला ते कारण पुरत नाही.

पोडावरच्या यादीत दोन मुलं "बोलत नाही" म्हणून लिहिलेली होती. दोघांच्याही घरी कोलामी बोलतात आणि अंगणवाडीत सगळं मराठीत चालतं. म्हणून तपासणी आजीकडून करून घेतली : कोलामीत, मुलाच्या पाठीमागून, हातवारे न करता, "वाटी उचल आणि भावाला दे" अशी दुहेरी सूचना. एकानं ती सहज पाळली. भावाशी तो लांबलचक वाक्यांत बोलतो. त्याचं नाव यादीतून काढलं. त्याला हवी आहेत कोलामीतली गाणी आणि कोलामी शब्द जाणणारी मदतनीस. दुसरी मुलगी (ग) कोणत्याच भाषेत हाक मारली तरी वळली नाही, ताट आपटल्यावर मात्र वळली. तिच्या उजव्या कानाला वाळलेला पू दिसला. घरची भाषा न विचारता चाळणी केली असती तर ही दोन मुलं एकाच रकान्यात बसली असती, आणि दोघांवरही अन्याय झाला असता.

१६ जुलै
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या भेटीची तयारी. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे. पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात आणि अंगणवाडीला वर्षातून दोन भेटी ठरलेल्या असतात. जन्मजात व्यंग, कमतरतेचे आजार, बालपणीचे आजार आणि विकासातला उशीर किंवा अपंगत्व असे चार गट ते तपासतात आणि गरज वाटली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं, म्हणजे अशा मुलांची पुढची तपासणी आणि उपचार होतात तिथं, चिठ्ठी देतात.

अडचण अशी की पथक येतं ते निंदणाच्या दिवसांत. ज्या मुलाला दाखवायचं तेच मायसोबत वावरात गेलेलं असतं. शिवाय एका सकाळी सगळी अंगणवाडी तपासताना गप्प बसलेलं मूल "ठीक" म्हणून पुढं सरकतं. त्यावर उपाय : ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांचा अर्ध्या पानाचा कागद आधीच तयार ठेवायचा आणि ती मुलं सर्वांत आधी दाखवायची. कागदावर सेविकाताईंच्या शब्दांत तीन निरीक्षणं लिहायची, कधीपासून तेही. झटके, विचित्र हालचाल किंवा खाताना लागणारा ठसका असेल तर आईवडिलांना विचारून मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण. डॉक्टरांसमोर मूल तसं करेलच असं नसतं.

चिठ्ठी मिळाल्यावर तिथंच फोटो काढायचा, पुढची तारीख माता-बाल कार्डावर लिहायची आणि यवतमाळला सोबत कोण जाणार हे त्याच बैठकीत ठरवायचं. जाणं अडतं ते बहुतेक वेळा बुडणाऱ्या मजुरीपायी आणि ऐनवेळी सोबत न मिळाल्यामुळं.

निदान हाती येईपर्यंत महिने जातात. तोवर बैठक, चमचा, आवाज आणि दिवसाचा क्रम बदलायला कोणाच्या सहीची गरज नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. त्यातही लवकर ओळख, अंगणवाडीत सामावून घेणं आणि पुढं पाठवणं हे एकत्र धरलं आहे. या मुलांना घरीच ठेवा असं कुठंही लिहिलेलं नाही.

२९ जुलै
'क'साठी कोपरा-बैठक. वय चार, दोन्ही पाय ताठ, उजवा हात कमी चालतो. भिंतीला टेकवून बसवलं की पाठ गोल होते, बूड पुढं सरकतं आणि शेवटी तो आडवा होतो. दोन्ही हात तोल सांभाळण्यातच जातात, खेळायला हात उरतच नाही. बाजारातली चाकाची खुर्ची इथं घ्यायची नाही, कारण बाकी सगळी मुलं खाली सतरंजीवर बसतात आणि खुर्चीतलं मूल त्यांच्या डोक्यावरून बघत राहतं. त्याला हवी जमिनीलगतची बैठक.

साहित्य : पन्हाळी (आत नागमोडी थर असलेल्या) पुठ्ठ्याची खोकी, मैद्याची खळ, जुने वर्तमानपत्र, सुती पट्टी. खोकी किराणा दुकानातून किंवा फ्रीज-टीव्हीची आणायची. कृषी केंद्रातून आणायची नाहीत. कीटकनाशकाच्या खोक्यात बाटली गळलेली असू शकते आणि ते मूल कडा चाटणार आहे. २०१७ ची फवारणीची विषबाधा या जिल्ह्यानं भोगली आहे. तरीही ती खोकी घराघरांत सामान ठेवायला वापरात दिसतात, म्हणून हे ठळक लिहून ठेवत आहोत.

मापं मूल बसलेलं असताना घ्यायची, झोपवून नाही. मुलाच्या बुडाची रुंदी अधिक २ सेंमी, ही बैठकीची रुंदी. बुडापासून खांद्यापर्यंतची उंची, ही पाठीची उंची (क : ३६ सेंमी). बसायच्या जागेपासून कोपरापर्यंतची उंची, ही समोर खेळायला-जेवायला लावायच्या फळीची उंची. पाठ म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन भिंती. मूल त्या कोपऱ्यात बसलं की खांदे आपोआप थोडे पुढं येतात आणि दोन्ही हात छातीसमोर भेटतात. सपाट पाठीला टेकून हे साधत नाही.

खळ : १ वाटी मैदा १ वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, ४ वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची पद्धत आहे. ती इथं पाळायची नाही, मोरचूद विषारी आहे. भिंतींना पुठ्ठ्याचे ५ थर, बैठकीच्या बुडाला ८. प्रत्येक थराच्या पन्हाळी आधीच्या थराला आडव्या गेल्या पाहिजेत. सगळ्या एकाच दिशेनं लावल्या तर बैठक त्या रेषेवर वहीसारखी दुमडते. खळ पातळ लावायची, थर हातानं दाबून हवा काढायची आणि सपाट फरशीवर वर विटा ठेवून वाळवायचं. वजन न ठेवता वाळवलेला पुठ्ठा वाकतो आणि वाकलेली भिंत काटकोनात बसत नाही.

पुठ्ठ्यात स्क्रू टिकत नाही. भिंत आणि बूड जोडायला कागदाच्या घट्ट गुंडाळ्या करायच्या, बोटाएवढ्या जाड, त्या खळीत बुडवून भोकांतून आरपार ठोकायच्या. मग सगळीकडून वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन थर. सुरुवात कडांपासून, कारण पाणी आणि वाळवी कडेतूनच आत शिरते.

१२ ऑगस्ट
वाळायला उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पुरतात. श्रावणात आठवडा उलटला तरी आतला थर ओला होता. बोटानं ठोकून आवाज ऐकायचा : भदभद आला तर ओलं, टणक आला तर वाळलं. ओल्यावर रंग दिला तर आत बुरशी धरते. रंगाच्या डब्यावर 'शिसेविरहित' लिहिलेलं बघूनच घ्यायचा. मूल बसवण्याआधी मोठ्या माणसानं बैठकीवर बसून बघायचं.

बसवल्यावर तीन दुरुस्त्या निघाल्या, आणि तिन्ही जवळपास प्रत्येक बैठकीत निघतात. पाय समोर सरळ पसरल्यावर मांडीमागचे स्नायू ताणले जातात, ते बूड पुढं ओढतात आणि पाठ पुन्हा गोल होते. म्हणून बैठकीचं बूड ६ सेंमी उंच केलं, गुडघ्याखाली घडी घातलेलं पोतं ठेवलं, गुडघे थोडे वाकले आणि पाठ सरळ झाली. दुसरी : पट्टा पोटावर बांधला होता. तो मांडी आणि कंबर जिथं जुळते तिथं, ४५ अंशांत मागं खाली ओढला गेला पाहिजे. पोटावरचा पट्टा मुलाला घसरू देतो आणि वर पोट दाबतो. तिसरी : गुडघ्यांमधला ठोकळा. तो गुडघे एकमेकांवर चढू नयेत एवढ्यासाठी. घसरणं थांबवायला तो मांड्यांच्या सांध्यापर्यंत आणला तर नाजूक जागी घासतो.

बैठकीत एका वेळी २० ते ३० मिनिटं, मग जागा बदलायची : गोल गुंडाळलेल्या गोधडीवर पालथं, किंवा कुशीवर. त्वचेवर लाल डाग उठला आणि अर्ध्या तासात गेला नाही तर ती जागा तपासून आत मऊ घडी द्यायची. 'क'नं आज दोन्ही हातांनी मातीचा गोळा दाबला. शेजारच्या मुलीनं त्याच्या फळीवर स्वतःचाही गोळा आणून ठेवला. यासाठीच बैठक जमिनीवर हवी.

३० ऑगस्ट
पोळा जवळ आला. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला सगळी मुलं लाकडी नंदी ओढत मिरवणार, आमची मुलंही. 'क'च्या नंदीच्या दोरीला जाड कापडी कडं शिवलं, उजव्या हाताच्या मनगटात अडकेल असं. मूठ मिटत नसेल तरी मनगटानं ओढता येतं. दुसऱ्या एका मुलाची चाल डळमळती आहे. त्याला ओढायला न देता ढकलायला दिलं : चाकांच्या पाटावर नंदी, मागं उभा दांडा, पाटावर एक वीट. वीट नसेल तर पाट पुढं पळतो आणि मूल तोंडावर पडतं. दांडा छातीपेक्षा खाली, कोपर किंचित वाकेल एवढा.

'ख'ला ढोल आणि गर्दी सोसत नाही. त्याला आदल्या दिवशी रिकाम्या मैदानात नंदी घेऊन फिरवायचं. पोळ्याला गर्दीच्या आधी नेऊन दहा मिनिटांत परत. पूर्ण मिरवणूक झालीच पाहिजे असा कोणाचा हट्ट नसावा.

१९ सप्टेंबर
जेवण. सगळ्यांत जास्त काळजी इथंच घ्यायची आहे, कारण चुकीच्या पद्धतीनं भरवलेला घास श्वासनलिकेत जातो, मूल पुन्हा पुन्हा छातीच्या संसर्गानं आजारी पडतं आणि घरी म्हणतात, "पोरगं कमजोरच आहे."

'क'ला मांडीवर आडवा घेऊन, मान मागं टाकून, पातळ वरण ओतायची सवय होती. मान मागं गेली की श्वासाची वाट उघडी पडते आणि पातळ पदार्थ गिळण्याआधीच तिकडं धावतो. बदल असे : बैठकीत सरळ, हनुवटी किंचित खाली. भरवणारी व्यक्ती समोर, डोळ्याच्या उंचीवर, उभी नको. चमचा समोरून, तोंडाच्या उंचीवरून आत, जिभेच्या मधोमध हलकं दाबून थांबायचं आणि वरचा ओठ स्वतःहून खाली येऊ द्यायचा. घास वरच्या दातांवर खरवडून काढला तर ओठ कधीच कामाला लागत नाही आणि मूल डोकं मागं फेकायला शिकतं. चमचा लहान आणि चपटा, खोलगट नको. पहिला घास गिळल्याचं दिसल्यावरच दुसरा.

खिचडीचा दाटपणा : चमचा तिरपा केल्यावर सावकाश घसरून पडली पाहिजे. धार लागली तर पातळ, चिकटून राहिली तर घट्ट. मदतनीसताई सगळ्यांची खिचडी एकदाच शिजवतात. तीच वाटीभर बाजूला काढून पळीच्या पाठीनं घोटली की झालं, वेगळा स्वयंपाक लागत नाही. भात आणि पातळ वरण वेगवेगळं राहिलेला घास सगळ्यांत अवघड, कारण पाणी आधी घशात उतरतं आणि शितं तोंडात राहतात. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कोरडा असतो, टाळूला चिकटतो. तो वरणात कालवून द्यायचा.

हातानं खायला : थाळीऐवजी उभ्या काठाची कटोरी, खाली ओलं फडकं म्हणजे ती सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा किंवा कापड गुंडाळायचं. सांडतंच. सांडू द्यायचं. जेवणानंतर अर्धा तास सरळ बसवायचं.

खाताना किंवा नंतर खोकला, डोळ्यांत पाणी, घशात पाणी असल्यासारखा घरघरता आवाज, किंवा वारंवार ताप आणि छाती भरणं दिसलं तर भरवण्याच्या युक्त्या पुरत नाहीत. डॉक्टरांकडं, आणि जाताना खातानाचं चित्रीकरण सोबत.

१४ ऑक्टोबर
'ख', साडेतीन वर्षांचा. शब्द नाहीत, नजर क्वचित, झाकणं रांगेत लावतो, प्रार्थनेची घंटा वाजली की कान झाकून बाहेर पळतो. जिल्हा केंद्रातल्या तपासणीची तारीख पुढं आहे. तोवर दिवसाचा क्रम दिसेल असा केला.

सुरुवात चित्रांनी केली नाही, वस्तूंनी केली. चित्र म्हणजे वस्तूची खूण हे कळणं ही पुढची पायरी आहे. हात धुण्याआधी त्याच्या हातात तांब्या, जेवणाआधी वाटी, घरी जाण्याआधी चप्पल, दर वेळी तीच वस्तू आणि तोच एक शब्द. हे पक्कं झाल्यावर त्याच वस्तूंचे फोटो पुठ्ठ्यावर, वर रुंद चिकटपट्टी. फोटो इथल्याच तांब्याचा हवा, कारण छापील तक्त्यावरचा नळ या पोरांनी घरी पाहिलेला नाही. खिळ्यांवर डावीकडून उजवीकडं सहा फोटो, आणि झालेलं काम तो स्वतः काढून डब्यात टाकतो.

बोलणं दोन-तीन शब्दांत : "ख, वाटी दे." मग मनात दहापर्यंत मोजायचं. सूचना लगेच पुन्हा दिली तर त्याला पहिलीपासून पुन्हा ऐकावी लागते. ही शांतता मोठ्यांना जड जाते, ती सरावानंच जमते.

घंटा बंद केली. तिच्या जागी सेविकाताई टाळ्यांचा एक ठेका धरतात, सगळी मुलं तो उचलतात. कोपऱ्यात जुन्या साडीचा आडोसा केला. त्याला हवं तेव्हा तो आत जातो, हवं तेव्हा बाहेर येतो. शिक्षा म्हणून कोणालाही तिथं बसवायचं नाही. एकदा जरी तसं झालं तरी तो आडोसा त्याच्यासाठी संपला.

२६ नोव्हेंबर
कापसाची वेचणी जोरात. आया सकाळीच वावरात, हजेरी उतरली. ज्या मुलांना रोजचा ठराविक क्रम सगळ्यांत जास्त लागतो त्यांचाच क्रम आधी तुटतो.

घरी 'व्यायाम' म्हणून काही दिलं नाही. आजीला वेगळा वेळ नसतो आणि न झालेल्या व्यायामाची लाज वाटून माणसं भेटायचंच टाळतात. जे घरात होतंच त्यातच काम घातलं. अंघोळीला 'क'ला दगडावर बसवून पाय पाण्यात, ताठरलेले पाय कोमट पाण्यात सैल होतात, कपडे तेव्हाच चढवायचे. आखडलेला हात आधी बाहीत, नंतर चांगला. काढताना उलट. उचलताना दोन्ही पाय कमरेच्या दोन बाजूंना फाकवून कडेवर, पाय जुळवून नाही.

१७ डिसेंबर
'ग'चा कान कोरडा झाला, तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं, श्रवणयंत्र मिळालं. फुटलेल्या कानात तेल टाकायचं नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही. स्वच्छ सुती कापडाची वात करून पू टिपायचा, वात फेकायची, नवी घ्यायची.

रोजची तपासणी सेविकाताई करतात : तोंड झाकून, एका हाताच्या अंतरावरून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज, मधल्या थांब्यांचा काळ बदलत. ऐकू आला की 'ग' डब्यात खडा टाकते. कालपर्यंत ऐकू येणारा 'स' आज आला नाही तर आधी बॅटरी, मग साच्यातला (यंत्राचा कानात बसणारा भाग) मळ, मग नळीतला ओलावा. यंत्र शिट्टी मारत असेल तर साचा सैल आहे. मुलाचा कान वाढतो, साचा वाढत नाही, तो बदलून घ्यावा लागतो. आवाज कमी करून शिट्टी थांबवली तर मूल यंत्र घालूनही बहिरंच राहतं. रात्री बॅटरी काढून घट्ट झाकणाच्या डबीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत.

खोलीही बदलली. मोकळ्या भिंती आणि पत्रा आवाज घुमवतात, म्हणून दोन भिंतींवर गोधड्या टांगल्या. सेविकाताईंची जागा खिडकीसमोरून हलवली, उजेड चेहऱ्यावर पडला पाहिजे, पाठीवर नाही. याचा फायदा सगळ्याच मुलांना झाला.

२१ जानेवारी २०२५
थंडी. 'घ'ला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे (वाहक नाही, आजार). या पट्ट्यात हे घरोघरी माहीत असलेलं दुखणं आहे, तरी वाहक आणि आजारी यांत गोंधळ होतो. वाहक मुलाला वेगळी वागणूक लागत नाही. आजारी मुलाला लागते : पाण्याचा स्वतःचा गडू हाताशी, लघवीला केव्हाही जायची मुभा, स्वेटर आणि मोजे, थंड पाण्याचे खेळ नाहीत, दमल्यावर बसायची मोकळीक. बोटं-पावलं सुजून दुखत असतील तर हट्ट समजून चालवायचं नाही. १०१ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, अचानक फिकटपणा, डाव्या बरगडीखाली पोट फुगणं, चेहरा किंवा हात लुळा पडणं : त्याच दिवशी नव्हे, त्याच तासाला दवाखाना.

झटक्यांबद्दल भिंतीवर कागद लावला. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, औषध काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा लागोपाठ दुसरा आला तर १०८.

२० मार्च
उन्हं वाढली, पत्र्याखाली दुपार सोसवत नाही. लाळ गळणाऱ्या मुलांचं पाणी जास्त जातं आणि ती पाणी मागू शकत नाहीत. दर अर्ध्या तासाला पाजायचं, 'क'ला चमच्यानं. 'घ'चा गडू मदतनीसताई स्वतः भरतात. 'ख'च्या फोटोंच्या पट्टीवर वेळ बदलण्याआधी आठवडाभर सूर्याचं चित्र लावलं, मग सकाळची वेळ सुरू केली.

८ एप्रिल
'ग' सहा वर्षांची होतेय, जूनमध्ये पहिलीत. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे ठरलेल्या प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि जवळच्या शाळेत जायचं की विशेष शाळेत हे कुटुंबानं ठरवायचं. आजीनं गावचीच शाळा सांगितली.

शाळेसाठी एक पान तयार केलं. वर आजाराचं नाव नाही. वर लिहिलं : पहिल्या रांगेत, डाव्या बाजूला बसवा, वाचताना तोंड दिसू द्या, फळ्याकडं वळून बोलू नका, घरची भाषा कोलामी. खाली : सहा आवाजांची तपासणी कशी करायची, बॅटरीचा आकार, साचा शेवटचा कधी बदलला, पुढची तारीख. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या विशेष शिक्षकांना त्याची प्रत. सेविकाताई आणि पहिलीच्या बाई मे लागायच्या आधी एकदा एकत्र बसतील आणि तपासणी बाईंच्या हातून करून बघतील. कागद वाचून हे जमत नाही, हातानं करूनच जमतं.

'क' वाढला आहे. पाठीची भिंत आता खांद्याखाली राहते. नवं माप ३९ सेंमी. यंदा पुठ्ठे मे महिन्यातच चिकटवायचे, म्हणजे पावसाआधी वाळतील. जुनी बैठक पोडावरच्या अडीच वर्षांच्या मुलीला, पट्टा नवा शिवून आणि कडा पुन्हा मढवून.